विज्ञान शिक्षकांसाठीचा प्रगत व्यावसायिक अभ्यासक्रम : एक परीक्षण

अध्यापनाची पदवी आधीच घेतलेल्या आणि काही वर्षे वर्गात विज्ञान शिकवलेल्या शिक्षकांसाठी आखलेला दोन वर्षांचा अर्धवेळ प्रगत अभ्यासक्रम मी नोकरी सांभाळून नुकताच पूर्ण केला. हे परीक्षण त्याचे आहे. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही, कारण या धर्तीच्या अभ्यासक्रमांचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो आणि प्रवेश घेण्याचा विचार करणाऱ्या शिक्षकाला नावापेक्षा कोणत्या भागातून काय हाती लागते हे समजणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. जिथे हा अभ्यासक्रम शालेय विज्ञानातील एखादी संकल्पना घेऊन ती विद्यार्थ्याच्या विचारांच्या बाजूने पुन्हा तपासायला लावतो, तिथे तो अत्यंत कसदार आहे. आणि जिथे तो विषयाचा हात सोडून सर्वसाधारण शिक्षणशास्त्र सांगू लागतो, तिथे त्याचा कस लगेच उतरतो. तरीही पहिल्या भागाचे मोल एवढे मोठे आहे की मी हा अभ्यासक्रम इतर शिक्षकांना सुचवते.

रचना थोडक्यात अशी आहे. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांतील निवडक घटकांचा संकल्पनात्मक अभ्यास, त्याबरोबर विज्ञान शिक्षणातील संशोधनाचा एक सैद्धान्तिक विषय. दुसऱ्या वर्षी स्वतःच्या तासांचे विश्लेषण, मूल्यमापनावरचा एक विषय आणि शेवटी कृतिसंशोधनाचा, म्हणजे स्वतःच्या वर्गातील अध्यापनाचा एखादा प्रश्न स्वतःच तपासण्याचा, प्रकल्प. काही सत्रे प्रत्यक्ष हजर राहून करायची, काही ऑनलाइन. प्रत्यक्ष सत्रे शाळेच्या सुट्ट्यांमध्ये घेतली जातात, ही सोय चांगली आहे.

विद्युत परिपथाच्या घटकाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण संपूर्ण अभ्यासक्रमाचा पिंड त्यात दिसतो. पहिल्याच सत्रात प्रत्येकासमोर एक विद्युतघट, एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा ठेवला जातो आणि बल्ब पेटवून दाखवायला सांगितले जाते. होल्डर नाही, दुसरी वायर नाही. पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या शिक्षकांनाही यात वेळ लागतो, कारण बल्बला दोन जोडबिंदू असतात, एक तळाच्या टोकाशी आणि दुसरा बाजूच्या धातूच्या आट्यांवर, ही गोष्ट आकृती काढताना कधी लागत नाही. फळ्यावरच्या आकृतीत बल्ब म्हणजे एक वर्तुळ आणि त्यात फुली. धारा बल्बच्या आत नेमकी कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हा प्रश्न त्या चिन्हाने झाकून टाकलेला असतो. इथे सूत्रे वापरायची नाहीत असा दंडक आहे. ओहमचा नियम कित्येक सत्रांनंतर, त्याची गरज सर्वांना पटल्यावरच येतो.

त्यानंतर अंदाजाचे प्रश्न सुरू होतात. एका परिपथात एकच बल्ब, दुसऱ्यात एकसर जोडणीत दोन बल्ब, तिसऱ्यात समांतर जोडणीत दोन बल्ब. सर्व बल्ब सारखे आणि विद्युतघटही सारखे व आदर्श मानायचे. पाचही बल्ब तेजस्वितेच्या क्रमाने लावा आणि कारण लिहा. उत्तर असे की एकटा बल्ब आणि समांतर जोडणीतले दोन्ही बल्ब सारखेच तेजस्वी असतात, तर एकसर जोडणीतले दोन्ही एकमेकांइतके पण इतरांपेक्षा मंद असतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शाफर यांनी हाच प्रश्न विद्यापीठीय विद्यार्थ्यांना विचारला होता आणि 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अभ्यासात बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 15 टक्केच निघाले. हे विद्यार्थी परिपथाची गणिते सोडवू शकत होते. गणित सुटणे आणि परिपथ समजणे या दोन गोष्टी किती दूर राहू शकतात हे एरवी नुसते सांगितले जाते. या सत्रात ते प्रत्येकाच्या स्वतःच्या वहीत उतरते.

चुकलेल्या उत्तरांच्या मागे दोन कल्पना सतत सापडतात. एक, धारा वाटेत खर्च होते, म्हणून पहिला बल्ब दुसऱ्यापेक्षा तेजस्वी असणार. दोन, विद्युतघट नेहमी ठरावीक धारा पुरवतो, म्हणून समांतर जोडणीत ती वाटली जाऊन बल्ब मंद होणार. पहिली कल्पना मोडायला बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे अमीटर लावून दोन्ही वाचने सारखी दाखवणे पुरते, असे आपण सहसा मानतो. अभ्यासक्रमाची खरी खोली इथे दिसते. विद्यार्थी वाचन पाहतो, मान्य करतो आणि पुढच्याच प्रश्नात धारा पुन्हा खर्च करून टाकतो, कारण काहीतरी खर्च होते हे त्याचे निरीक्षण मुळात खरे आहे. विद्युतघट संपतो हे त्याने पाहिलेले असते. जे संपते ती धारा नसून ऊर्जेचे रूपांतर होत असते, ही फोड करून दिल्याशिवाय अमीटरचे वाचन एकटे काही करू शकत नाही. धारा आणि ऊर्जा या दोन गोष्टी त्याच्या मनात एकाच शब्दाखाली नांदत असतात आणि त्या वेगळ्या काढणे हे शिक्षकाचे काम आहे. या एका मुद्द्यावर प्रशिक्षकांनी जेवढा वेळ दिला तेवढा मी यापूर्वी कोणत्याही सेवांतर्गत प्रशिक्षणात दिलेला पाहिलेला नाही, आणि तो वेळ सार्थकी लागला. त्यानंतर माझ्या पाठ टाचणात परिपथाच्या घटकाची सुरुवातच बदलली आहे.

ली शुलमन यांनी 1986 मध्ये शिक्षकाच्या ज्ञानाचा एक वेगळा प्रकार मांडला होता: विषयाचे ज्ञान एकीकडे, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचे ज्ञान दुसरीकडे, आणि या दोहोंच्या संगमातून तयार होणारे, त्या त्या विषयाच्या अध्यापनाचे स्वतंत्र ज्ञान. एखादा घटक का अवघड जातो, विद्यार्थी त्याबद्दल कोणत्या समजुती घेऊन वर्गात येतात, कोणते उदाहरण उपयोगी पडते आणि कोणते उदाहरण नवी अडचण उभी करते, हे सारे त्यात येते. अध्यापनाच्या पदवीच्या वेळी ही मांडणी परीक्षेपुरती वाचली जाते. परिपथाच्या सत्रांनंतर ती पुन्हा वाचली तेव्हा तिचा अर्थ हाताला लागला, आणि सिद्धान्त अनुभवानंतर वाचायला देण्याचा हा क्रम आखणाऱ्यांच्या समंजसपणाची साक्ष देतो.

जीवशास्त्राच्या भागात वनस्पतींच्या पोषणाचा घटक सर्वांत चांगला बांधलेला आहे. सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते: मोठ्या झाडाचे एवढे वजन आले कुठून? प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तोंडपाठ असलेले विद्यार्थीही माती, पाणी आणि खत यांची नावे घेतात. हवेचे नाव क्वचितच येते. त्यानंतर यान बाप्टिस्टा फान हेल्माँट यांचा विलोच्या रोपाचा प्रयोग मूळ आकड्यांसह समोर ठेवला जातो. 200 पौंड कोरडी माती, 5 पौंडांचे रोप, 5 वर्षे केवळ पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी, आणि शेवटी झाड 169 पौंडांच्या वर, तर माती जवळजवळ तेवढीच, फक्त 2 औंसांनी कमी. हा वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड सगळे पाण्यापासून बनले.

इथे अनेक प्रशिक्षक पुढे निघून गेले असते. या अभ्यासक्रमात मात्र तो निष्कर्ष चुकीचा ठरवण्याची जबाबदारी शिक्षकांवर सोडली जाते आणि त्यासाठी फक्त त्या काळी उपलब्ध असलेली माहितीच वापरायची असते. हे काम किती अवघड आहे ते करून पाहिल्यावरच कळते. हेल्माँट यांचे मोजमाप काटेकोर होते, मातीतून जवळजवळ काहीच आले नाही हा त्यांचा तर्क योग्य होता, आणि पाण्याशिवाय दुसरे काही दिलेच नाही असे मानल्यावर त्यांचा निष्कर्ष अपरिहार्य होता. विशेष म्हणजे लाकडी कोळसा जळताना एक वायू बाहेर पडतो हे त्यांनी स्वतःच ओळखले होते. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. तोच वायू झाडात शिरत असेल ही शक्यता त्यांच्या विचारात आली नाही. शिक्षक म्हणून यातून मिळणारी दृष्टी मोलाची आहे: हवेला वजन असते आणि तिच्यापासून घन पदार्थ बनू शकतो ही गोष्टच विद्यार्थ्याला अविश्वसनीय वाटते आणि प्रकाशसंश्लेषणाची खरी अडचण समीकरणात नसून तिथे आहे. मग रुबेन आणि केमन यांनी सहकाऱ्यांबरोबर 1941 मध्ये ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो हे कसे दाखवले ते येते, आणि विद्यार्थी नेहमी करतात त्या विधानाची, म्हणजे झाड कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यातलाच ऑक्सिजन परत सोडते याची, तपासणी होते. आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचे घटक यामानाने घाईत उरकले गेले. त्यांना आणखी जागा मिळायला हवी होती.

रसायनशास्त्राचा भाग मला निराश करून गेला. ॲलेक्स जॉन्स्टन यांनी 1991 मध्ये मांडलेला त्रिकोण हा त्याचा पाया आहे. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते, डोळ्यांना दिसणारी, कणांची आणि चिन्हांची. तज्ज्ञ माणूस या तिन्हींमध्ये सहज ये-जा करतो आणि नवशिक्याला त्या एकाच वेळी पेलत नाहीत. विचार उत्तम आहे, पण तो सत्रांमध्ये उतरलेला नाही. बहुतेक वेळ व्याख्यानांत गेला. उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत काय असते या प्रश्नावरची चर्चा तेवढी लक्षात राहिली. वरच्या इयत्तांतले विद्यार्थीही हवा, किंवा हायड्रोजन आणि ऑक्सिजन, असे उत्तर देतात, आणि त्यामागे पाण्याचे रेणुसूत्रच असते. चिन्हांच्या पातळीवर शिकलेली गोष्ट कणांच्या पातळीवर चुकीच्या जागी लावली जाते. असे आणखी प्रश्न, कणांची चित्रे काढून घेणे, त्या चित्रांची वर्गवारी करणे, हे सर्व व्हायला हवे होते. प्रयोगशाळा उपलब्ध असतानाही ती फार थोड्या वेळा उघडली गेली. केवळ रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला पहिल्या वर्षात आपल्या विषयाचे अपेक्षेपेक्षा बरेच कमी मिळेल.

सैद्धान्तिक विषयाविषयी माझी तक्रार वेगळी आहे. पॉझ्नर, स्ट्राइक, ह्यूसन आणि गर्ट्झॉग यांनी 1982 मध्ये मांडलेला संकल्पना-परिवर्तनाचा विचार त्यात केंद्रस्थानी आहे: जुन्या कल्पनेविषयी असमाधान वाटले पाहिजे, आणि नवी कल्पना समजण्याजोगी, पटण्याजोगी आणि पुढे उपयोगी पडणारी असली पाहिजे. हा विचार शिक्षकाच्या हाती एक चांगली कसोटी देतो. पण अभ्यासक्रम तिथेच थांबतो आणि विद्यार्थ्यांच्या सर्व पूर्वकल्पना म्हणजे उखडून टाकायचे तण, असा समज मागे ठेवतो. अँड्रिया डिसेसा यांनी 1993 मध्ये याहून निराळी मांडणी केली आहे. विद्यार्थ्याकडे एखादा पक्का, सुसंगत चुकीचा सिद्धान्त असतोच असे नाही. त्याच्याकडे अनुभवातून आलेले ज्ञानाचे लहान लहान तुकडे असतात, ते प्रसंगानुसार जुळवले जातात, आणि त्यांतले बरेचसे योग्य जागी वापरले तर उपयोगाचे असतात. जास्त जोर लावला की जास्त परिणाम होतो आणि अडथळा वाढला की तो कमी होतो, हा तसा एक तुकडा. फेकलेल्या चेंडूवर वर जाताना हाताचे बल अजून आहे असे म्हणण्यासाठी तो चुकीचा वापरला जातो, आणि रोध वाढला की धारा कमी होते हे समजण्यासाठी तोच कामी येतो. वर परिपथाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट, विद्यार्थ्याला काहीतरी खर्च होताना खरोखरच दिसते, ही याच दृष्टीने समजते. ज्या अभ्यासक्रमाने ती गोष्ट प्रत्यक्षात इतकी सुंदर शिकवली, त्याच्या वाचनसूचीत तिला आधार देणारा विचार नसावा ही मोठी उणीव आहे आणि ती भरून काढणे अवघड नाही.

दुसऱ्या वर्षातील तासांचे विश्लेषण हा माझ्या मते या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. शिक्षकाने स्वतःच्या एका तासाचे ध्वनिमुद्रण करायचे, त्यातील काही मिनिटांचा संवाद शब्दशः उतरवायचा आणि लहान गटापुढे ठेवायचा. गटाचा नियम कडक आहे: तास चांगला झाला की वाईट यावर कोणी बोलायचे नाही, कोणत्या वाक्यातून विद्यार्थ्याचा कोणता विचार दिसतो एवढेच बोलायचे. हा नियम पहिल्या दोन-तीन बैठकांत जाचतो. नंतर त्याच्यामुळेच माणसे मोकळी होतात, कारण स्वतःचा तास मांडणाऱ्याला बचाव करत बसावे लागत नाही.

आमच्या गटापुढे आलेला एक संवाद सांगते. विषय संघननाचा. थंड पाणी भरलेला पेला बाहेरून ओला का होतो, असे शिक्षकाने विचारले. एक मुलगी म्हणाली, पाणी काचेतून झिरपते. शिक्षक म्हणाले, नाही, आणखी कोण सांगेल? दुसऱ्या मुलाने हवेतल्या बाष्पाचे उत्तर दिले, शाबासकी मिळाली आणि तास पुढे सरकला. कागदावर या चार ओळी आहेत. गटाने त्यांच्यावर बराच वेळ घालवला. झिरपणे ही कल्पना वेडगळ नाही. सच्छिद्र मातीच्या भांड्यातून पाणी खरोखरच झिरपते आणि त्या मुलीने ते पाहिलेले असू शकते. मग तिची कल्पना तपासायची कशी? कोणी सुचवले, पाण्यात रंग घालावा. झिरपले तर बाहेरचे थेंब रंगीत दिसतील. त्यावर दुसरा आक्षेप आला, की रंग आत गाळला जाऊन नुसते पाणी बाहेर येते असे मुलगी म्हणू शकेल आणि तिचे म्हणणे तर्काला धरून असेल. शेवटी तराजूचा मार्ग निघाला. पेल्यावर घट्ट झाकण ठेवून तो बाहेरून कोरडा असतानाच तोलायचा आणि ओला झाल्यावर पुन्हा तोलायचा. पाणी आतून बाहेर आले असेल तर एकूण वजन तेवढेच राहील. हवेतून आले असेल तर वजन वाढेल. दोन्ही कल्पना वेगवेगळे भाकीत करतात आणि तराजू निवाडा देतो. संवाद मांडणाऱ्या शिक्षकाने पुढच्या आठवड्यात हे वर्गात केले आणि त्याचेही मुद्रण आणले. त्यात ती मुलगी वजनाचा आकडा वाचल्यावर विचारते की मग हवेतले पाणी आपल्याला दिसत का नाही. तिचा हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील संघननाच्या परिच्छेदाच्या पुढे जाणारा आहे.

याच भागात प्रश्न विचारल्यानंतर थांबण्याचा अभ्यास येतो. मेरी बड रो यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी 1 सेकंदच थांबतात, आणि हा वेळ 3 सेकंदांपर्यंत नेला तर विद्यार्थ्यांची उत्तरे लांब होतात, आपणहून बोलणाऱ्यांची संख्या वाढते आणि मौन कमी होते. स्वतःच्या मुद्रणात घड्याळ लावून हा काळ मोजायला सांगितला जातो. वाचून पटलेल्या गोष्टीचा आपल्या तासात मागमूस नसतो, हे तिथे दिसते. वेळ मोजण्याचे हे काम कोणालाही अभ्यासक्रमाशिवाय, आजच, करता येईल आणि मी ते आवर्जून सुचवते.

मूल्यमापनाच्या विषयात आशय चांगला आहे. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांचा वर्गातील मूल्यमापनावरच्या संशोधनाचा 1998 चा आढावा, रूथ बटलर यांचा 1988 चा प्रयोग, हे सर्व नीट शिकवले जाते. बटलर यांनी विद्यार्थ्यांच्या तीन गटांना वेगवेगळा प्रतिसाद दिला होता: एकाला नुसते गुण, दुसऱ्याला नुसत्या लेखी सूचना, तिसऱ्याला दोन्ही. सुधारणा दिसली ती नुसत्या सूचना मिळालेल्या गटात. गुण आणि सूचना एकत्र दिल्यावर सूचनांचा लाभ नाहीसा झाला. हे शिकवणाऱ्या विषयातच आमचे स्वाध्याय मात्र केवळ गुण लिहून परत आले, तेही पुढचा स्वाध्याय देऊन झाल्यावर. प्रशिक्षकांवर कामाचा भार किती आहे याची मला कल्पना आहे आणि हा दोष कोणा एका व्यक्तीचा नाही. परंतु शिक्षकांना शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात प्रतिसाद देण्याची पद्धत हाच एक धडा असतो, आणि संस्थेने स्वाध्यायांची संख्या निम्मी करून प्रत्येकावर सविस्तर लिहिण्याची सोय केली पाहिजे.

कृतिसंशोधनाचा प्रकल्प हा सर्वांत कमकुवत भाग आहे. त्याचे कारण शिक्षकांची अनास्था नाही. बहुतेकांनी त्यावर रात्री जागवल्या आहेत. कारण असे की एका मार्गदर्शकाकडे फार जण असतात, विषय घाईने निश्चित होतात आणि बहुतेक प्रकल्प एकाच साच्यात पडतात: पूर्वचाचणी, काही आठवडे नवी पद्धत, उत्तरचाचणी, गुणांत वाढ, म्हणून पद्धत परिणामकारक. चाचणी शिक्षकाने स्वतः तयार केलेली असते आणि ती नेमके काय मोजते हे तपासलेले नसते. काही आठवडे शिकवल्यावर गुण थोडे वाढणारच. किती वाढले असता ती वाढ लक्षणीय म्हणावी हा प्रश्न कोणी विचारत नाही.

या प्रश्नाला विज्ञान शिक्षणाच्या संशोधनात चांगले उत्तर आहे आणि ते सैद्धान्तिक विषयात शिकवलेही जाते. हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी 1992 मध्ये बल आणि गती यांविषयीची संकल्पना-चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात गणिते नाहीत. रोजच्या भाषेतले प्रश्न आहेत आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींवरून घेतलेले आहेत. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये 62 अभ्यासक्रमांतील 6,542 विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांचे निकाल एकत्र केले. त्यांनी वाढ मोजण्यासाठी एक सोपे परिमाण वापरले: जितकी वाढ शक्य होती तिचा कितवा भाग प्रत्यक्षात मिळाला. एखाद्या वर्गाची सरासरी 100 पैकी 40 वरून 58 वर गेली, तर शक्य असलेल्या 60 पैकी 18 मिळाले, म्हणजे 0.3. हेक यांना पारंपरिक व्याख्यानाच्या अभ्यासक्रमांत हे परिमाण सरासरी 0.23 आणि विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करायला लावणाऱ्या अभ्यासक्रमांत 0.48 आढळले. असा मापदंड हाती असताना प्रकल्पांत त्याचा वापर न होणे हे आखणीचे अपयश आहे. तयार आणि तपासलेली चाचणी घेऊन, एका शाळेतल्या दोन-तीन शिक्षकांनी मिळून एकच प्रश्न हाताळला, तर लहान प्रकल्पातूनही विश्वासार्ह काही निघू शकेल. सध्याच्या नियमांनुसार प्रकल्प एकट्यानेच करावा लागतो. हा नियम बदलण्याची सूचना आम्ही लेखी दिली आहे.

ऑनलाइन सत्रांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. वाचनावरच्या चर्चेसाठी ती पुरेशी आहेत. प्रयोगांसाठी ती निरुपयोगी आहेत आणि संस्थाही तसा दावा करत नाही. कामाचा ताण मात्र माहितीपत्रकात लिहिले आहे त्याहून स्पष्टपणे जास्त आहे. संवाद शब्दशः उतरवण्याचे काम विशेष वेळखाऊ आहे, आणि घटक चाचण्यांच्या काळात ते अंगावर येते. मुख्याध्यापकांचा पाठिंबा नसेल, तासांचे मुद्रण करण्यासाठी शाळेची आणि पालकांची परवानगी मिळणार नसेल, तर दुसऱ्या वर्षातला सर्वांत चांगला भाग हातातून जातो. ही परवानगी प्रवेश घेण्यापूर्वीच लेखी मिळवावी.

हा अभ्यासक्रम कोणासाठी योग्य आहे? निदान तीन-चार वर्षे शिकवलेल्या शिक्षकासाठी, कारण विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा साठा मनात असल्याशिवाय वर सांगितलेल्या चर्चा पोकळ वाटतील. पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र हवे असणाऱ्याला ते मिळेल, पण त्यासाठी याहून कमी कष्टाचे मार्ग आहेत. भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी अवश्य जावे. अशा कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना संस्थेला काही गोष्टी थेट विचाराव्यात: पहिल्या वर्षात प्रयोगशाळेत किती सत्रे होतात, स्वतःच्या तासाचे विश्लेषण सक्तीचे आहे की ऐच्छिक, एका मार्गदर्शकाकडे किती प्रकल्प असतात, आणि स्वाध्याय तपासून किती दिवसांत परत मिळतात. विश्लेषण ऐच्छिक असेल तर दुसरी संस्था शोधावी. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी मागील वर्षाचे प्रत्यक्ष वेळापत्रक मागून घ्यावे, आणि प्रयोगशाळेची सत्रे वाढलेली दिसेपर्यंत थांबावे.